जुन्या व्ही-८ गाडीला एलपीजी किट: आधी पेट्रोलवरची तब्येत तपासा

प्रश्न असा आहे. २००१ सालची मर्सिडीज एस ४३० आहे. गाडी विकायची नाही, वापरायची आहे, पण शहर आणि हायवे मिळून लिटरला जेमतेम सात किलोमीटर देते. एलपीजी किट बसवावं का? गॅसने व्हॉल्व्ह जळतात म्हणतात ते खरं का? पिकअप किती कमी होईल? डिकीतल्या टाकीचा धोका किती? आणि एक फिटर एका दिवसात किट बसवून देतो म्हणतोय, त्याला होकार द्यावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नका देऊ. आठ सिलिंडरच्या गाडीचं काम नीट करायला तीन ते पाच दिवस लागतात आणि त्यातला निम्मा वेळ किट बसवण्यात जातच नाही. तो गाडी तपासण्यात आणि नंतर रस्त्यावर ट्यूनिंग करण्यात जातो. एका दिवसात देणारा माणूस नेमकी हीच दोन कामं गाळतो.

बाकीचं उत्तर होकाराचं आहे, पण अटीसह. तुमच्या गाडीतलं एम११३ इंजिन गॅसला चांगलं मानवतं. पण गाडी आज पेट्रोलवर शंभर टक्के नीट चालत असेल तरच पुढचं बोलायला अर्थ आहे. पेट्रोलवर थोडी मिसिंग करते, आयडलिंगला किंचित थरथरते, चेक इंजिनचा दिवा अधूनमधून येतो, तेव्हा गॅसवर टाकली की सुधारेल, अशा आशेने आलेल्या गाड्या मी परत पाठवतो. गॅसवर त्या हमखास जास्त बिघडतात, आणि मालकाला वाटतं की किटनेच बिघडवल्या.

असं का होतं, ते किट कसं चालतं हे कळलं की लक्षात येईल. तुमच्या गाडीला बसेल ती सिक्वेन्शियल पद्धत. टाकीतून द्रवरूप गॅस बारीक नळीने पुढे येतो. बॉनेटखाली रिड्यूसर असतो, त्यात इंजिनच्या गरम कूलंटच्या उष्णतेने त्या द्रवाची वाफ होते आणि तिचा दाब इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबापेक्षा साधारण एक बारने जास्त असा कायम राखला जातो. ही वाफ फिल्टरमधून गॅस इंजेक्टरांच्या रेलमध्ये जाते आणि प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक पोर्टमध्ये वेगवेगळी सोडली जाते. केव्हा आणि किती सोडायची, हे गॅसचा कंट्रोलर स्वतः ठरवत नाही. गाडीचा मूळ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पेट्रोल इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. गॅसचा कंट्रोलर तो सिग्नल मध्येच अडवतो, गॅसचं तापमान आणि दाब पाहून त्याला एका गुणकाने गुणतो आणि तेवढा वेळ गॅस इंजेक्टर उघडतो.

म्हणजे सगळा हिशोब मूळ ईसीयूचाच. एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) म्हातारा होऊन हवा कमी दाखवत असेल, लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) सुस्तावला असेल, कुठून फुकटची हवा आत शिरत असेल, तर ती प्रत्येक चूक गॅसच्या हिशोबात तशीच उतरते. पेट्रोलवर ईसीयू फ्युएल ट्रिम (इंधनाच्या मात्रेत टक्क्यांनी केलेली दुरुस्ती) वाढवून ती चूक झाकत असतो. गॅसवर झाकायला जागा उरत नाही.

म्हणून किटचं कोटेशन मागण्याआधी स्कॅनर लावा आणि गाडी पूर्ण गरम झाल्यावर दोन्ही बँकांचे (चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांचे) लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा. आयडलिंगला आणि हायवेच्या स्थिर वेगाला, दोन्हीकडे. उणे पाच ते अधिक पाच टक्क्यांत असतील तर गाडी तंदुरुस्त. अधिक दहा-बारा दिसत असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा सेन्सर कमी मोजतोय. आयडलिंगला जास्त आणि वेगात कमी होत असेल तर गळतीवर संशय घ्या. या इंजिनात व्हॉल्व्ह कव्हरच्या ब्रीदरचे रबरी होज आणि मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूचे छोटे व्हॅक्यूम होज वीस वर्षांत कडक होऊन चिरतात. ते स्वस्त असतात, पण हात पोचायला अवघड, म्हणून कुणी बदलत नाही. उलट वेगात ट्रिम वाढत असेल तर एअर मास सेन्सर आणि पेट्रोलचा फिल्टर-पंप तपासायला घ्या.

प्लग हा या इंजिनाचा खास विषय आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण सोळा प्लग. हवा आणि गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर चालून जाणारी थकलेली कॉइल, चिरलेलं प्लग बूट, झिजून गॅप वाढलेला प्लग हे सगळे गॅसवर पहिल्याच चढाला उघडे पडतात. सोळाच्या सोळा प्लग नवे घाला, आणि वायरी तेवढ्याच जुन्या असतील तर त्याही. गॅप कंपनीने दिलेल्या मापापेक्षा ०.१ मिलिमीटरने कमी ठेवला तर चालतो. त्याहून फार कमी करू नका, आयडलिंग बिघडतं. मिसिंग झालं की न जळलेला गॅस थेट सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतो आणि कन्व्हर्टर वितळतो. या वर्गातल्या गाडीचा कन्व्हर्टर किटपेक्षा महाग पडू शकतो, हे डोक्यात ठेवून प्लगचा खर्च करा.

तिसरी तपासणी कूलंटची. रिड्यूसरला गरम पाणी लागतं, आणि भरपूर लागतं. एस ४३० चं इंजिन २०५ किलोवॉटचं आहे. पूर्ण ताकदीवर ते दर सेकंदाला साधारण १५ ग्रॅम गॅस पितं, म्हणजे मिनिटाला दीड लिटरहून जास्त द्रव. एवढ्या द्रवाची वाफ करून ती कोमट करायला सुमारे साडेपाच किलोवॉट उष्णता सतत लागते, म्हणजे घरातल्या दोन मोठ्या गीझरइतकी. थर्मोस्टॅट अर्धवट उघडा अडकलेला असेल, रेडिएटर गळत असेल, सिस्टीममध्ये हवा अडकली असेल, तर रिड्यूसर गारठतो, वाफेऐवजी द्रव पुढे जातो, आतला रबरी पडदा कडक होतो आणि गाडी झटके देऊन पेट्रोलवर परत येते. लोक मग रिड्यूसर बदलत बसतात. रिड्यूसर बदलण्याआधी कूलंटची पातळी पाहायची, हा नियम मी शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

आता व्हॉल्व्हच्या भीतीकडे येऊ, कारण ती निराधार नाही. गॅस कोरडा जळतो. पेट्रोलचे थेंब पोर्टमध्ये बाष्प होताना इनटेक व्हॉल्व्हला थोडा गारवा देतात, तो वाफरूप गॅस देत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (तो ज्या कड्यावर बसतो ते) यांच्यामध्ये पेट्रोलच्या ज्वलनातून जो सूक्ष्म थर राहतो, तोही गॅसवर जवळपास नसतो. व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी बसताना तापलेल्या सीटचे बारीक कण उचलतो, सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये वर सरकतो. सीट कठीण धातूची असेल तर ही झीज नगण्य राहते. मऊ असेल तर काही हजार किलोमीटरांत दिसू लागते. मिश्रण लीन असेल, म्हणजे गॅस कमी आणि हवा जास्त, तर तापमान वाढून झीज अनेक पटींनी होते. म्हणून व्हॉल्व्ह जळण्याच्या बऱ्याच प्रकरणांत इंधनाइतकाच दोष ट्यूनिंगचा असतो.

एम११३ मध्ये सीट चांगल्या आहेत आणि टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, त्यामुळे क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची मोकळी फट, आपोआप राखला जातो. त्याच कुटुंबातलं व्ही-६ एम११२, बीएमडब्ल्यूचं एम६२ व्ही-८, रेंज रोव्हर पी३८ मधलं जुनं रोव्हर व्ही-८ ही सगळी गॅसवर भरपूर चाललेली इंजिनं आहेत. लेक्सस एलएस ४०० मधलं १यूझेड-एफई हेसुद्धा उत्तम इंजिन, पण त्यात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) आहेत. सीट झिजली की तिथे क्लिअरन्स कमी होत जातो, व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो, आणि न बसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह फार दिवस टिकत नाही. शिमच्या इंजिनाला गॅस लावायचा तर क्लिअरन्स आधी मोजून लिहून ठेवायचा आणि ठरावीक अंतराने पुन्हा मोजायचा. हायड्रॉलिक टॅपेटवाल्यांनीही अगदी निर्धास्त राहू नये: टॅपेट झीज भरून काढतो तोवर बाहेर काहीच कळत नाही, आणि त्याची मर्यादा संपली की एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन अचानक पडतं. म्हणून किट बसवण्यापूर्वी आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन चाचणी करून आकडे जपून ठेवा. पुढे शंका आली तर तुलनेला काहीतरी हाताशी असेल.

इनटेकमध्ये थेंबथेंब सोडायचं 'व्हॉल्व्ह सेव्हर' द्रव्य विकत घ्यावं का, हाही प्रश्न येतोच. कठीण सीटच्या इंजिनाला त्याची गरज नाही, आणि मऊ सीटच्या इंजिनाला ते पुरेसं नाही. पुष्कळ गाड्यांत ते एकाच ठिकाणी सोडलं जातं आणि आठही सिलिंडरना सारखं मिळतच नाही. ते पैसे लॅम्बडा सेन्सरवर घाला.

आणखी दोन प्रकारच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. ऐंशीच्या दशकातल्या के-जेट्रॉनिकसारख्या यांत्रिक इंजेक्शनच्या गाड्यांवर अडवायला इलेक्ट्रिक सिग्नलच नसतो, म्हणून त्यांना मिक्सरची जुनी पद्धत लागते. तिथे संपूर्ण मॅनिफोल्ड ज्वलनशील मिश्रणाने भरलेला असतो. एक ठिणगी मागे आली की बॅकफायर होऊन हवा मोजायची प्लेट वाकते किंवा एअर फिल्टरचा डबा फुटतो. दाब सुटायची झडप बसवल्याशिवाय ते काम करू नये. दुसऱ्या टोकाला डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्या. त्यांचा पेट्रोल इंजेक्टर थेट ज्वलनकक्षात असतो आणि पेट्रोल वाहत राहिलं तरच थंड राहतो, त्यामुळे गॅसवर असतानाही थोडं पेट्रोल जाळत राहावं लागतं आणि बचत तेवढी घटते. तुमची गाडी या दोन्हींच्या मधल्या काळातली, पोर्ट इंजेक्शनची आहे. गॅससाठी याहून सोयीचा काळ नव्हता.

आता प्रत्यक्ष कामाकडे. किटच्या नावावरून लोक खूप वाद घालतात. बीआरसी, प्रिन्स अशी जुनी नावं चांगलीच आहेत, पण मी मालकाला नावापेक्षा तीन गोष्टी विचारायला सांगतो: रिड्यूसर किती किलोवॉटचा, इंजेक्टर कुठले, आणि नॉझल कुठे बसवणार.

रिड्यूसर २०५ किलोवॉटला नुसता पुरणारा नको, त्याहून वरच्या क्षमतेचा हवा, किंवा दोन लहान जोडावेत. चार सिलिंडरच्या गाडीसाठीचा रिड्यूसर इथे लावला तरी गाडी चालते, शहरात काही जाणवत नाही, आणि ओव्हरटेक करताना दाब पडून मिश्रण नेमकं पूर्ण भारावर लीन होतं. व्हॉल्व्ह तिथेच जळतात. टाकीपासून येणारी नळीही ६ ऐवजी ८ मिलिमीटरची मागा.

इंजेक्टरचं गणित असं: ६००० आरपीएमला इंजिनचे दोन फेरे, म्हणजे एक पूर्ण चक्र, २० मिलिसेकंदांत होतं. तेवढ्याच वेळात इंजेक्टरने सगळा गॅस सोडायचा आहे. नॉझल बारीक असेल तर वर गेल्यावर इंजेक्टर उघडाच राहतो आणि तरी गॅस पुरत नाही. नॉझल मोठं असेल तर आयडलिंगला इंजेक्टरला इतका कमी वेळ उघडायचं असतं की तो प्रत्येक वेळी सारखा उघडत नाही, आणि गाडी उभी असताना थरथरते. आलिशान गाडीत ही थरथर फार बोचते. जिचं इंजिन चालू आहे की बंद हे कळू नये अशी गाडी आपण घेतलेली असते. म्हणून वेगाने आणि एकसारखे उघडणारे इंजेक्टर इथे घ्यायलाच हवेत. स्वस्त रेलमधले इंजेक्टर काही काळाने एकमेकांशी जुळेनासे होतात.

नॉझल इनटेक पोर्टच्या जितकं जवळ आणि पेट्रोल इंजेक्टरप्रमाणेच व्हॉल्व्हच्या दिशेने झुकलेलं असेल तितकं चांगलं. आठही होज एकाच लांबीचे आणि शक्य तितके आखूड हवेत. या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. तो काढून, बाकावर ठेवून, खुणा करून, भोकं पाडून, आटे करून, धुऊन परत बसवायचा असतो, नव्या गॅस्केटसकट. गाडीवरच ड्रिल मारून ग्रीसने कीस धरला जातो असं सांगणारे फिटर आहेत. थोडा जरी कीस व्हॉल्व्हमधून खाली गेला तर सिलिंडरची भिंत ओरखडते, आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ती दुरुस्त करणं सोपं नसतं. मॅनिफोल्ड काढला की मागचे ब्रीदर होजही हाताला येतात, ते त्याच वेळी बदलून टाका.

वायरिंगबद्दल एकच आग्रह धरा: सोल्डर आणि हीट-श्रिंक, किंवा मूळ कनेक्टरला जुळणारं तयार हार्नेस. वायर सोलून पिळून टेप गुंडाळलेली जोडणी बॉनेटखालच्या उष्णतेत सैल होते आणि मग कधीतरी एकच सिलिंडर मिस करतं, जे शोधायला आठवडा जातो.

टाकीची भीती बहुतेकांना असते आणि ती रास्त आहे, म्हणून नीट सांगतो. ईसीई आर६७-०१ या एलपीजी वाहनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या टाकीवर एक मल्टीव्हॉल्व्ह असतो. तो ८० टक्क्यांवर भरणं आपोआप थांबवतो, कारण द्रवरूप गॅस उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. २० अंशांनी तापला तर प्रोपेनचं आकारमान साधारण ६-७ टक्क्यांनी वाढतं, आणि काठोकाठ भरलेल्या बंद टाकीत त्याला जायला जागा नसते. दाब २७ बारच्या आसपास गेला तर सुरक्षा झडप उघडते. नळी तुटून प्रवाह एकदम वाढला तर वेगळी झडप तो रोखते. इंजिन बंद झालं की सोलेनॉइड टाकीतला गॅस टाकीतच अडवतो. नेहमीचा दाब मिश्रण आणि हवामानाप्रमाणे २ ते १० बारच्या दरम्यान असतो, आणि टाकीची चाचणी ३० बारवर होते. जाड पोलादाची ही टाकी अपघातात पेट्रोलच्या पातळ टाकीपेक्षा जास्त टिकते.

खरा धोका गळतीचा असतो. प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड आणि ब्यूटेनची दुप्पट. ती वर उडून जात नाही, खाली साचते: डिकीच्या तळाला, तळघरातल्या पार्किंगला, दुरुस्तीच्या खड्ड्यात. हवेत दोन टक्के मिसळली तरी पेट घेऊ शकते. म्हणून डिकीतल्या टाकीच्या व्हॉल्व्हवर हवाबंद डबा हवाच आणि त्याची मोकळी नळी गाडीच्या खाली उघडी सुटलेली हवी. या वर्गातल्या अनेक गाड्यांची बॅटरीही डिकीत असते, त्यामुळे हा डबा आणि ती नळी यांत हयगय झाली तर ठिणगी आणि गॅस एकाच जागी येतात. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून दाखवायला सांगा.

स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी गोल टाकी घेतली तर डिकी पूर्ण वापरता येते. स्टेपनी जाते, तिच्या जागी पंक्चर किट आणि पंप ठेवावा लागतो. ७० लिटरच्या टाकीत ५६ लिटर मावतात. त्यावर तुमची गाडी साधारण ३०० किलोमीटर जाईल. भरलेल्या टाकीचं वजन ६० किलोच्या आसपास जातं. एअर सस्पेन्शन ते उचलून धरेल, पण त्याचे मागचे स्ट्रट आधीच गळत असतील तर पंप जास्त चालेल, तेही आधी बघून घ्या. भरायचा नोझल बंपरला भोक पाडून बसवण्यापेक्षा पेट्रोलच्या झाकणाखाली बसत असेल तर तिथेच बसवा. कुठेही पत्रा कापला तर कापलेल्या कडेला प्रायमर आणि रंग लावून घ्या. गंज गाडीला गॅसपेक्षा आधी मारतो.

घरगुती सिलिंडरमधून टाकी भरायचा विचार कुणी सुचवला तर तिथेच थांबा. त्यात ८० टक्क्यांची मर्यादा पाळण्याची खात्री नसते, भरताना गॅस उघड्यावर सुटतो, आणि बहुतेक ठिकाणी तो गुन्हा आहे. वाहनासाठीच्या ऑटोगॅसमध्ये मिश्रण आणि ऑक्टेन ठरलेल्या मर्यादेत असतात. ट्यूनिंग त्यावरच केलेलं असतं. मंजूर किट, परवानाधारक फिटर, नोंदणी पुस्तकात इंधनाची नोंद आणि विमा कंपनीला कळवणं हे सगळं काम सुरू करायच्या आधी पक्कं करा. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. काही ठिकाणी तळघरातल्या पार्किंगला एलपीजी गाड्यांना बंदी असते. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या चॅनल टनेलमधून वाहनं नेणाऱ्या रेल्वेवर तर एलपीजीवर चालणारी गाडी घेतच नाहीत.

पिकअपचं विचारलं होतं. गॅसची वाफ इनटेकमध्ये हवेची जागा घेते, योग्य मिश्रणात साधारण चार टक्के. पेट्रोलची वाफ याच्या निम्म्याहून कमी. म्हणून चांगल्या सिक्वेन्शियल किटवर ताकद दोन-तीन टक्क्यांनी घटते. ४.३ लिटरच्या व्ही-८ मध्ये ते कळणार नाही. कळत असेल तर ट्यूनिंग चुकलंय. गॅसचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असल्यामुळे नॉकिंगची चिंता उलट कमी होते.

ट्यूनिंग म्हणजे फिटरने गाडी उभी करून लॅपटॉपवर 'ऑटो कॅलिब्रेशन' दाबणं नव्हे. ती फक्त सुरुवात. खरं काम रस्त्यावर होतं: आधी पेट्रोलवर वेगवेगळ्या वेगांना आणि भारांना इंजेक्टरची वेळ आणि ट्रिम नोंदवायचे, मग त्याच रस्त्यावर गॅसवर तेच करायचं, आणि गॅसचा नकाशा (कुठल्या वेगाला आणि भाराला किती गॅस, याचा तक्ता) असा बसवायचा की मूळ ईसीयूला इंधन बदलल्याचं कळूच नये. गॅसवर गेल्यावर दोन्ही बँकांचे ट्रिम पेट्रोलवरच्या आकड्यांपासून दोन-तीन टक्क्यांहून जास्त हलले तर काम अपुरं आहे. पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू लॅम्बडाकडे बघणं सोडतो, म्हणून तो भाग वाइडबँड मीटर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण दाखवणारा) लावून वेगळा पाहावा लागतो. तिथलं लीन मिश्रण स्कॅनरला दिसत नाही, फक्त व्हॉल्व्हला जाणवतं. गाडी घेताना फिटरला विचारा की पूर्ण थ्रॉटलवर कशाने मोजलं. उत्तर देताना तो घुटमळला तर पैसे पूर्ण देऊ नका.

पैशाचं गणित जागेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतं, म्हणून ते लिटरमध्ये मांडतो. लिटरमागे गॅसमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे पेट्रोलच्या १ लिटरच्या जागी साधारण १.२२ लिटर गॅस लागतो. तुमच्याकडच्या गॅसच्या लिटरच्या भावाला पेट्रोलच्या भावाने भागा आणि १.२२ ने गुणा. गॅस पेट्रोलच्या ६० टक्के भावाने मिळत असेल तर उत्तर ०.७३ येतं, म्हणजे किलोमीटरमागे २७ टक्के बचत. ७५ टक्के भाव असेल तर बचत जेमतेम ८ टक्के. ८२ टक्क्यांना ती शून्य होते. गाडी सुरू नेहमी पेट्रोलवरच होते आणि पाणी ४० अंशांच्या आसपास तापल्यावर गॅसवर जाते, त्यामुळे दहा टक्के तरी अंतर पेट्रोलवर धरा. रोज चार-पाच किलोमीटरच जायचं असेल तर अर्धं.

वर्षाला १२,००० किलोमीटर चालवलीत तर पेट्रोल सुमारे १७०० लिटर लागतं. ६० टक्क्यांच्या भावाला त्यातलं चारशे लिटरच्या किमतीइतकं वाचेल. किट आणि त्याआधीची दुरुस्ती मिळून हजार लिटर पेट्रोलच्या किमतीएवढा खर्च आला तर तो अडीच वर्षांत फिटतो. गाडी वर्षाला ५,००० किलोमीटरच चालत असेल तर सहा वर्षं लागतात, आणि तेव्हा मी स्वतः किट बसवायचा सल्ला देणार नाही. दुरुस्तीचा खर्च या हिशोबात धरलाय, पण प्रामाणिकपणे पाहिलं तर होज, सेन्सर, प्लग हे पेट्रोलवरही तुम्हाला बदलावेच लागणार होते.

बसवल्यानंतर पेट्रोलची टाकी कधीही पावच्या खाली जाऊ देऊ नका. गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप बहुतेक गाड्यांत चालूच राहतो आणि टाकीतल्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. कोरड्या टाकीत तो जळतो. दर आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टरमध्ये चिकटा धरत नाही आणि पेट्रोल शिळं होत नाही. द्रवाचा आणि वाफेचा असे दोन फिल्टर असतात, ते किटच्या पुस्तकात दिलेल्या अंतरावर बदला. गॅसमधला तेलकट गाळ त्यात अडकतो आणि तो पुढे गेला तर इंजेक्टर चिकटतात. रिड्यूसरच्या तळाला तेल काढायचा बोल्ट असेल तर त्याच वेळी तो उघडा. इंजिन ऑइल गॅसवर बराच काळ स्वच्छ दिसतं. रंगावर जाऊ नका, पूर्वीच्याच अंतरावर बदलत राहा.

पहिल्या हजार किलोमीटरांनंतर गाडी पुन्हा फिटरकडे न्या, होजचे क्लॅम्प आवळून घ्या, गळती पुन्हा तपासा आणि ट्रिमचे आकडे पहिल्या दिवशीच्या आकड्यांशी ताडून पाहा. एका बँकेचा आकडा दुसरीपासून दूर जायला लागला असेल तर त्या बाजूचे चार इंजेक्टर आधी तपासायचे, नकाशाला हात नंतर लावायचा. या फेरीचा खर्च किटच्या किमतीत धरला आहे असं पावतीवर आधीच लिहून घ्या.